कागद कोणाच्या हातात?

२० सप्टेंबर २०२५, शनिवार. सकाळचे सहा वाजले असतील. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती आणि मामांच्या श्राद्धासाठी माझा मामेभाऊ अमेरिकेहून कामठ्याला आलेला होता. मी गोंदियात राहतो. त्याचा फोन आला, "दादा, गाडी काढ. मला आत्ताच्या आत्ता नागपूर गाठायचंय."

रात्रीतून त्याच्या कंपनीच्या वकिलांची मेल आली होती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावणाऱ्या जाहीरनाम्यावर सही केली होती. एक लाख डॉलर म्हणजे त्या दिवशीच्या भावाने ८८ लाख रुपयांच्या आसपास. जे कर्मचारी देशाबाहेर आहेत त्यांनी अंमल सुरू होण्याआधी परत या, असं मेलमध्ये लिहिलं होतं. अंमल सुरू होणार होता तिकडच्या रविवारी मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने. म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊला.

हिशेब सोपा होता आणि तो जुळत नव्हता. कामठ्याहून नागपूर साडेतीन तास, तिथून दिल्ली किंवा मुंबई, पुढे पंधरा-सोळा तासांचं उड्डाण. तरी आम्ही निघालो. घरात श्राद्धाचं सामान काढून ठेवलेलं, मामी ओसरीवर बसलेल्या. त्यांनी एकच विचारलं, "बापू, तुझा कागद तुझ्याजवळ नाही का रे?"

त्याने मान हलवली. कागद त्याच्याजवळ नव्हता. म्हणजे पासपोर्ट होता, त्यावरचा शिक्काही होता. पण अर्ज कंपनीचा, मंजुरी कंपनीच्या नावाची. त्याच्याकडे होती ती प्रत.

नागपूरच्या विमानतळावर आम्ही दुपारभर बसलो. ज्या विमानाने वेळेत पोचता येईल असं विमानच नव्हतं. संध्याकाळी परत फिरलो. मध्यरात्र उलटल्यावर खुलासा आला: शुल्क फक्त नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना नाही. रविवारी दुपारी त्याने श्राद्ध केलं. कावळ्यानेही फार वाट पाहायला लावली नाही.

त्याची घाई समजून घ्यायला २०२१ आठवावं लागतं. मामा गेले त्या वर्षीच्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. ४ मे २०२१ पासून अमेरिकेने भारतात राहून येणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाधारकांना दार बंद केलं होतं. ते उघडलं नोव्हेंबरात. भाऊ तेव्हा आला असता तर परत जाता येईल याची खात्री नव्हती, आणि नोकरी गेली असती तर तिच्याबरोबर बायको-मुलाचा मुक्कामही गेला असता. त्याने बापाचा अग्नी फोनच्या पडद्यावर पाहिला. फोन मी धरला होता.

मी इतिहास शिकवतो. मामींचा प्रश्न मला इतिहासाचा प्रश्न वाटतो. बाहेरच्या कसबी माणसाला कोणी बोलावलं, कोणत्या अटीवर बोलावलं, आणि कागद कोणाच्या हातात राहिला? या प्रश्नासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. कामठ्यातच सुरुवात करता येते.

पाणी पोचेल तिथवर

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. दोन्ही जिल्हे तलावांचे आणि धानाचे. पण इथले बरेच तलाव ज्यांनी बांधले ते मूळचे इथले नव्हते.

जिल्ह्याच्या दक्षिणेला नवेगाव बांध आहे. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, आणि आज तिथे त्यांना कोलासूर देव म्हणून पुजतात. कोहळी हे तलाव बांधणारे लोक. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत घेऊन आला, अशी त्यांची स्वतःची परंपरा आहे. पाळ कुठे घालायची, पाणी सोडायचं तुडुम कुठे बसवायचं, जादा पाणी वाहून जायला सलंग किती ठेवायचा, हे त्यांचं कसब. आजच्या भाषेत ते परदेशी कुशल कामगार, आणि राजा त्यांना बोलावणारा मालक.

अटी काय होत्या? चांद्याच्या हिरशहा राजाबद्दल सांगतात की त्याने द्वाही फिरवली: जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला ते गाव, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाचं पाणी जिथवर पोचेल तितकी जमीन. अशा जमिनींना तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचं नाव आजही तुकूम आहे.

या अटीत पगार नाही. पहिली काही वर्षं नुसतं मरण आहे: वाघ, ताप, फुटणारी पाळ. पण कसब आणि हक्क यांच्यामध्ये तिसरा माणूस नाही. पाणी पोचलं की जमीन तुझी. तू किती चांगलं काम केलंस हे पाणीच सांगतं.

उत्तरेकडे, कामठ्याच्या बाजूला, गोष्ट थोडी वेगळी आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. आम्ही पोवार. आमची परंपरा माळव्यातल्या धारेशी नातं सांगते. कटकच्या मोहिमेत पोवारांनी भोसल्यांना साथ दिली आणि त्या बदल्यात त्यांना वैनगंगेच्या खोऱ्यात पडीत, जंगलाच्या जमिनी मिळाल्या, अशी नोंद इंग्रजी काळातल्या दस्तांत आहे. धान आणि पाटबंधारे यांतलं पोवारांचं कसब इंग्रज अधिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा लिहून ठेवलंय. म्हणजे कामठ्याच्या शिवारात आज स्वतःला मूळचे म्हणवणारे आम्हीसुद्धा कधीतरी निमंत्रणावर आलेलो आहोत.

इथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. 'पडीत' हा शब्द देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आहे. ज्या जंगलात गोंड राहत होते ते त्यांच्यासाठी पडीत नव्हतं. बाहेरच्याला मिळालेला हक्क कोणाच्या तरी वाट्यातून आला होता. आज अमेरिकेतला कामगार जेव्हा विचारतो, "यांना आमच्या पोटावर का आणता?", तेव्हा तो प्रश्न मूर्खपणाचा नसतो. आमच्या गावाच्या इतिहासातही तो आहे, फक्त तो विचारणाऱ्याचं म्हणणं कोणी लिहून ठेवलं नाही.

सनदही जाते

कामठ्याची जमीनदारी भोसल्यांच्या काळात एका कुणबी घराण्याकडे होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरचं राज्य इंग्रजांच्या मुठीत गेलं. १८१८ मध्ये कामठ्याच्या चिमणा पटेलाने बंड केलं. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठ्याचा किल्ला घेतला, आणि जमीनदारी एका लोधी घराण्याकडे गेली.

सांगायचा मुद्दा हा की राजाने दिलेला कागद राजा बदलला की फाटतो. तुकूम असो की सनद, कायमचं काही नव्हतं. पण तेव्हा कागद फाडायला निदान बंड व्हावं लागलं, फौज पाठवावी लागली. आज शुक्रवारच्या दुपारची एक सही पुरते, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कामठ्यात माणूस श्राद्धाचं सामान टाकून गाडीत बसतो.

जे कधीकाळी गुन्हा होतं

आता अमेरिकेकडे वळू. बाहेरच्या कामगाराला नोकरीचा करार करून आणणं, म्हणजे आज एच-वन-बीत जे होतं तेच, अमेरिकेत एकेकाळी गुन्हा होतं.

१८८५ साली अमेरिकन संसदेने करारी परदेशी मजुरांविरुद्ध कायदा केला. मालकाने परदेशातल्या माणसाशी आधी करार करायचा, त्याचं भाडं भरून त्याला आणायचं, याला बंदी. कामगार संघटनांनी ही मागणी लावून धरली होती. त्यांचं म्हणणं असं की ज्याचं येणं एका मालकाच्या हातात आहे तो भांडू शकत नाही. तो कमी पैशात राबतो, आणि त्याच्यामुळे बाकीच्यांचीही मजुरी उतरते. स्वतःच्या पायाने येणाऱ्यावर या कायद्याची हरकत नव्हती. हरकत होती ती बांधून आणण्यावर.

कायद्यात काही सवलती होत्या: नट, गायक, व्याख्याते, आणि देशात अजून न रुजलेल्या नव्या उद्योगातले कुशल कारागीर. त्यात धर्मगुरूचं नाव नव्हतं. न्यूयॉर्कच्या एका चर्चने इंग्लंडहून धर्मगुरू कराराने आणला, तर चर्चवर खटला झाला आणि खालच्या कोर्टात दंडही. १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चर्चला सोडवलं. कायदा हातमजुरीसाठी होता, बुद्धीचं काम करणाऱ्यांसाठी नव्हता, असं न्यायालयाने म्हटलं. 'कुशल' आणि 'साधा' कामगार अशी जी रेघ आज व्हिसाच्या नियमांत दिसते, तिची एक सुरुवात तिथे आहे.

आपल्यासाठी मात्र दार वेगळ्याच कारणाने बंद झालं. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्यांना मज्जाव केला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस अमेरिकन नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला.

आमच्या विदर्भातल्या एका माणसाने हे दिवस पाहिले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. अमेरिकेत जाऊन ऑरेगनला शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले, पुढे देशोदेशी फिरत १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत त्यांनी शिकवलं, मक्यावर आणि गव्हावर संशोधन केलं. दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. ज्या कसबाला शेजारचा देश दारात उभं करत नव्हता, त्याला मेक्सिकोने शाळा दिली. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. माणूस तोच, विद्या तीच. दाराच्या कोणत्या बाजूला राहायचं ते नियमाने ठरवलं.

सहा वर्षं, एक मालक

१९४६ मध्ये अमेरिकेने भारतीयांसाठी वर्षाला १०० जागा उघडल्या. १९५२ च्या कायद्यात एच-वन हा तात्पुरत्या कामाचा व्हिसा आला. १९९० च्या कायद्याने त्यातून आजचा एच-वन-बी काढला: वर्षाला ६५ हजार जागा, मुदत तीन वर्षं, आणखी तीन वाढवून एकूण सहा.

यंत्रणा अशी चालते. मालक आधी कामगार खात्याला लिहून देतो की या कामाला त्या भागात चालू असलेला पगार किंवा आमच्याकडे इतरांना मिळतो तो पगार, यांतला जो जास्त असेल तो मी देईन. मग तो अर्ज करतो. अर्जदार मालक आहे, कामगार नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत. निवड झाली की काम १ ऑक्टोबरपासून.

संगणकाच्या लाटेत ही संख्या वाढली: २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत १ लाख ९५ हजार. २००४ मध्ये ती परत ६५ हजारांवर आली. नंतर अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी २० हजार वेगळ्या जागा मिळाल्या. मंजूर होणाऱ्या अर्जांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास आता भारतीयांचे असतात.

दोरी थोडी सैलही झाली आहे. २००० च्या कायद्याने एक मालक सोडून दुसरीकडे जाणं सोपं केलं: नव्या मालकाने अर्ज दाखल केला की काम सुरू करता येतं. २०१५ पासून काही व्हिसाधारकांच्या नवरा-बायकोला काम करायची परवानगी मिळाली. २०१७ पासून नोकरी गेल्यावर ६० दिवसांपर्यंतची सवलत मिळते. मुदतीआधी काढून टाकलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकाने द्यायचा, असंही नियमात आहे. पण दोरी सैल झाली तरी तिचं टोक मालकाकडेच आहे. नव्या मालकाकडे गेलं की टोक फक्त दुसऱ्या हातात जातं.

मग सहा वर्षांनंतर? कायम राहण्याच्या परवान्याची रांग. त्या परवान्यात कोणत्याही एका देशाच्या लोकांना सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. आईसलंडला जी मर्यादा तीच भारताला. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांत मोजतात. रांगेत असेपर्यंत व्हिसा वाढवून मिळतो, पण वाढवायचा अर्ज कोणी करायचा? मालकाने. माझा भाऊ अकरा वर्षं तिकडे आहे. त्याने घर घेतलं, कर भरला, मुलगा तिथे जन्मला म्हणून तिथला नागरिक आहे. बाप मात्र तीन-तीन वर्षांच्या मुदतीचा पाहुणा. हिरशहाच्या हिशेबात पाहिलं तर याचं पाणी केव्हाच शेताला पोचलंय.

आपलाही नियम तोच

इथवर वाचून अमेरिकेला नावं ठेवायची इच्छा होईल. त्याआधी कामठ्याजवळच्या बिरसीचं विमानतळ पाहू. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी ही धावपट्टी बांधली. आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे, भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतली. आमच्या धानाच्या बांध्यांवरून दिवसभर शिकाऊ विमानं घिरट्या घालतात.

अशा एखाद्या संस्थेला परदेशातून शिक्षक आणायचा असेल तर आपले नियम काय म्हणतात? नोकरीचा व्हिसा फक्त कुशल माणसाला, आणि ज्या कामाला भारतीय माणूस मिळू शकतो त्यासाठी नाही. पगार वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये. दूतावासातले कर्मचारी, परदेशी पदार्थ करणारे आचारी, भाषा शिकवणारे अशा थोड्यांना या रकमेतून सूट. मुक्काम १८० दिवसांहून जास्त असेल तर येऊन १४ दिवसांत नोंदणी. आणि मालक बदलायचा असेल तर? एकाच समूहातल्या कंपन्यांसारखे अपवाद सोडले तर देशात राहून बदलता येत नाही. बाहेर जा, नवा व्हिसा घेऊन या. म्हणजे या एका बाबतीत आपली दोरी अमेरिकेपेक्षा आखूड आहे.

हे नियम २००९ च्या सुमारास कडक झाले, कारण चिनी कंपन्यांनी वीज प्रकल्पांवर धंद्याच्या व्हिसावर मोठ्या संख्येने कामगार आणले होते. आपल्या माणसांची कामं जातात, हीच तक्रार तेव्हा आपणही केली होती. ती खोटी नव्हती. पण १८८५ च्या अमेरिकन कामगारांनी जे ओळखलं होतं ते आपण विसरलो. पोटावर पाय येतो तो बाहेरचा माणूस आल्यामुळे कमी, आणि तो बांधलेला असल्यामुळे जास्त. जो नोकरी सोडून समोरच्या दुकानात जाऊ शकतो त्याला स्वस्तात राबवता येत नाही. त्याला दोरी लावली की त्याचंही नुकसान आणि शेजारच्या बाकावरच्या स्थानिक माणसाचंही.

तलावाचं काय झालं

शेवटी परत पाण्याकडे. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातली मालगुजारी संपली, १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. तेव्हा आमचा भाग मध्य प्रदेशात होता. मालगुजारी जाणं गरजेचंच होतं, तिच्यात कुळांची पिळवणूक होती. पण तलाव आणि तलाव सांभाळणारा यांच्यातलं नातंही त्याच कागदावर तुटलं. पूर्व विदर्भातल्या या हजारो तलावांना आता माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. कितीतरी गाळाने भरले, कितींच्या पोटात अतिक्रमणं झाली. ज्याचा हक्क राहिला नाही तो पाळीवरचं बेशरमाचं झुडूप कशाला उपटेल?

माझ्या भावाच्या गावात, म्हणजे तिकडच्या गावात, त्याने अकरा वर्षांत शाळेच्या समितीवर काम केलं नाही, स्वतःचा धंदा सुरू केला नाही, घराला गच्ची वाढवली नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तीन वर्षांच्या कागदावर कोण झाड लावतो, दादा?" जो देश माणसाला कायम पाहुणा ठेवतो, त्या देशाला त्याचे फक्त हात मिळतात.

श्राद्धानंतर दोन दिवसांनी आम्ही मामांच्या बोडीवर गेलो. बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव. धान गर्भात होतं. पाळीला एका जागी खेकड्यांनी भोक पाडलं होतं आणि पाणी झिरपत होतं. त्याने पँट दुमडली, फावडं मागवलं, आणि माती-गवताचे गोळे करून भोक बुजवायला लागला. तासभर लागला. मामी काठावर उभ्या राहून कुठे दाबायचं ते सांगत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी ट्रंक उघडली आणि सातबारा त्याच्यापुढे ठेवला. मामांनंतर वारसांत त्याचं नाव चढलंय. त्याने तो वाचला, घडी घालून परत दिला. आठवड्याने तो गेला. पुढच्या मार्चमध्ये त्याची मुदत संपते आहे. अर्ज कंपनी करणार आहे.